पूर्वपरीक्षा, विज्ञान भाग १ : बर्फाच्या गणिताचं उत्तर काय आलं?

रानजाई (मंगळवार, दुपारी ३.१०)

नमस्कार. मी रानजाई नाही, तिची भाची जुई. मावशीचा आयडी तिला विचारूनच वापरतेय. ती म्हणाली, इथे शिकलेली माणसं रिकामी बसलेली असतात, विचार.

आज आमचा पूर्वपरीक्षेचा विज्ञान १ चा पेपर झाला. आमच्या जिल्ह्यात सगळ्या शाळांना एकच पेपर येतो, त्यामुळे इथे कोणी दहावीचं असेल किंवा कोणाच्या घरी असेल तर उत्तरं जुळवायची आहेत. शाळेबाहेर वडापावच्या गाडीपाशी जुळवत होतो, तिथे भांडण झालं आणि तीन गट पडले. माझ्या बेस्ट फ्रेंडने माझ्या वड्यातली मिरचीपण घेतली नाही, एवढं.

गणित हे (३ गुण):

"३०° से तापमानाच्या १०० ग्रॅम पाण्यात ०° से तापमानाचा २० ग्रॅम बर्फ टाकला. सर्व बर्फ वितळल्यावर मिश्रणाचे अंतिम तापमान काढा. (बर्फाचा वितळण्याचा विशिष्ट अप्रकट उष्मा ८० कॅलरी/ग्रॅम. उष्णतेची देवाणघेवाण फक्त पाणी व बर्फ यांच्यात होते असे माना.)"

माझं उत्तर १४° से. मैत्रिणीचं ११.६७. आणि अर्ध्या वर्गाचं २५. मला १४ बरोबर वाटतंय कारण मी दोनदा तपासलं.

बाकीची माझी उत्तरं:
वर फेकलेल्या चेंडूचं सर्वांत उंच बिंदूवर त्वरण : जी (गुरुत्व त्वरण), खालच्या दिशेने
भिंगाचं नाभीय अंतर उणे ०.५ मी, तर शक्ती : उणे २ डायॉप्टर, अंतर्वक्र
गीझरचं फेब्रुवारीचं बिल, ६ रुपये युनिटने : ३३६ रुपये
ग्रह का लुकलुकत नाहीत : लिहिलं, पानभर

तुमची टाका.

सोहम_१०ब (दुपारी ३.२४)

२५ च बरोबर. १०० गुणिले ३०, अधिक २० गुणिले ०, भागिले १२०. संपलं. ते ८० कन्फ्यूज करायला दिलंय. मागच्या युनिट टेस्टलापण एक जास्तीची किंमत दिली होती.

चेंडूचं मी शून्य लिहिलं. वर जाऊन थांबतो ना तो?

चौथा_बाक (दुपारी ३.३१)

सोहम भावा, ८० कन्फ्यूज करायला कोण देतं रे. मग बर्फ कशाला म्हणतील, ०° चं पाणीच म्हटलं असतं.

माझं ११.६७. पाण्याने दिलेली उष्णता = बर्फ वितळायला लागलेली + वितळलेलं पाणी तापायला लागलेली. (त म्हणजे अंतिम तापमान. १ ग्रॅम पाणी १ अंश तापायला १ कॅलरी.)
१०० × (३० − त) = २० × ८० + २० × त
३००० − १०० त = १६०० + २० त
१४०० = १२० त
त = ११.६७

आणि चेंडू थांबला म्हणून त्वरण शून्य कसं होईल? मग तो तिथेच लटकून राहिला असता. गीझर ३६०. महिना म्हणजे ३० दिवस.

तिरकस (दुपारी ३.४०)

आमच्या आईचा नियम होता, पेपर देऊन आलं की पेपर देवघरातल्या फळीवर, पोरगं अंगणात. शेवटच्या पेपरापर्यंत फळीला हात लावायचा नाही. त्यामुळे आम्हाला निकालापर्यंत आपण हुशार आहोत असं वाटायचं.

बाकी, फेब्रुवारीचं बिल ३० दिवसांचं? चौथा बाक, तुझ्याकडे वीज कंपनीत नोकरी पक्की.

रानजाई (दुपारी ३.४४)

जुईच. फेब्रुवारी म्हणून मी २८ घेतले. १००० वॅट, रोज २ तास, म्हणजे ५६ युनिट, सहाने गुणलं की ३३६. पण आमच्या वर्गात एकीने २९ धरून ३४८ काढलं, कारण पेपरात वर्षच दिलेलं नाही.

चौथा बाक, पाण्याकडे एकूण ३००० कॅलरी. बर्फ वितळायला १६०० गेल्या. उरल्या १४००. पाणी १०० ग्रॅम. १४. यात काय चुकलंय ते सांग. समीकरण टाकलंस म्हणजे बरोबर असं नसतं.

चिंगीची_आई (दुपारी ४.०५)

आमची पण दहावीलाच, याच जिल्ह्यात. घरी आली तेव्हापासून पांघरूण घेऊन पडलीय. हिचं उत्तर २५. जाणकारांनी सांगा, उत्तर चुकलं तर तीनच्या तीन गुण जातात का? सूत्र लिहिलंय म्हणते. आणि चाळीस गुणांच्या पेपरात तीन म्हणजे कमी नाहीत हो. ही पूर्वपरीक्षाच आहे हे मला कळतं, पण तिला कोण सांगणार.

निवृत्त_मास्तर (सायंकाळी ५.२०)

चिंगीच्या आई, आधी तिला उठवा आणि काहीतरी खायला घाला. गणिताच्या प्रश्नात पायऱ्यांना गुण असतात. तत्त्व लिहिलं, किंमती नीट घातल्या, तर शेवटचं उत्तर चुकूनही कोरा भोपळा मिळत नाही. एकतीस वर्षं पेपर तपासले, तेव्हा यावर विश्वास ठेवायला हरकत नाही. २५ वाल्यांचं दुखणं मात्र जरा मुळातलं आहे, ते खाली सांगतो.

चेंडूचं आधी उरकू. सोहम, सर्वोच्च बिंदूवर वेग शून्य असतो, त्वरण नव्हे. पृथ्वी चेंडूला खाली ओढायचं क्षणभरही थांबवत नाही. वर जाताना, टोकाला, खाली येताना, सगळीकडे तेच ९.८, खालच्या दिशेने. दर वर्षी अर्धा वर्ग इथे पडायचा आणि दर वर्षी मी खडू वर फेकून दाखवायचो.

आता बर्फ. जुई, तुझी १४ ची आकडेमोड मी पाहिली. एकही बेरीज-वजाबाकी चुकलेली नाही. तुला एकच प्रश्न विचारतो, उत्तर लगेच देऊ नकोस. तो २० ग्रॅम बर्फ वितळला. त्याचं २० ग्रॅम पाणी झालं. ते पाणी कुठे गेलं?

रानजाई (सायंकाळी ५.३१)

सर, पाण्यातच गेलं की. कुठे जाणार? पण वितळायची उष्णता मी दिली ना त्याला. १६०० पूर्ण.

आटपाट (सायंकाळी ५.५०)

मास्तरांना मध्येच थांबवतो, माफी. मी एडमंटनला असतो, कॅनडात. इथे मार्च-एप्रिलमध्ये पारा शून्याच्या वर जायला लागतो तरी अंगणातला बर्फाचा ढीग कित्येक दिवस हलत नाही. पहिल्या वर्षी मला वाटलं होतं, शून्याच्या वर गेलं की सगळं एका दुपारी वाहून जाईल. रोज संध्याकाळी खिडकीतून बघायचो, ढीग जरासा खचलेला, बस. दहावीत अप्रकट उष्मा पाठ करून पैकीच्या पैकी घेतले होते. तो दिसला मात्र चाळिशीत.

निवृत्त_मास्तर (सायंकाळी ६.१५)

आटपाट, माफी कसली. तुम्ही जे खिडकीतून पाहिलंत तेच जोसेफ ब्लॅक नावाच्या स्कॉटिश माणसाने पाहिलं होतं. १७६० च्या दशकाच्या सुरुवातीला, ग्लासगोत. तोवर लोकांची समजूत अशी की बर्फ शून्याला आला की जराशी उष्णता पुरे, लगेच सगळा वितळणार. ब्लॅकचं म्हणणं, तसं असतं तर दर वसंतात डोंगरावरचं बर्फ एकदम सुटून गावंच्या गावं वाहून गेली असती. ज्या अर्थी ते होत नाही, त्या अर्थी वितळताना बर्फ गुपचूप पुष्कळ उष्णता गिळतो आणि तापमापकाला त्याचा पत्ता लागत नाही. आमचे गुरुजी तिला 'सुप्त उष्णता' म्हणायचे. तुमच्या पुस्तकात 'अप्रकट उष्मा'. मला जुना शब्द आवडतो, झोपलेली असते म्हणून. असो.

किती गिळतो? ग्रॅमला ८० कॅलरी. एक ग्रॅम पाणी शून्यापासून ८०° पर्यंत तापवायला जेवढी उष्णता लागते तेवढी नुसता एक ग्रॅम बर्फ वितळायला, आणि वितळूनही तो शून्यालाच. म्हणजे १०० ग्रॅम बर्फावर ८०° चं, हात भाजेल असं १०० ग्रॅम पाणी ओतलंत, तर शेवटी तुमच्याकडे २०० ग्रॅम पाणी उरतं, शून्य अंशाचं! हे वर्गात सांगितलं की पोरं हसायची, सर फेकतायत म्हणून.

सोहम, हे ८० तू सोडून दिलंस. २५ हे उत्तर चूक नाही, ते दुसऱ्याच प्रश्नाचं उत्तर आहे. पेपरात 'बर्फ' ऐवजी '०° चं पाणी' असतं तर २५ ला पूर्ण गुण होते.

सोहम_१०ब (सायंकाळी ६.२२)

म्हणजे मी बर्फाचं गणित पाण्याने सोडवलं. वाट लागली.

रानजाई (रात्री ८.४०)

आता खरी रानजाई बोलतेय, मावशी. माझा आयडी दुपारपासून परत मिळालेला नाही, आत्ता जेवणाच्या ताटावरून हिसकावून घेतला.

ऐका. जुई काही ऐकेना, म्हणून आम्ही प्रयोगच केला. साहित्य : केक करते त्याचा वजनकाटा, स्टीलचा पेला, फ्रीजमधला बर्फ, आणि माशांच्या टाकीतला काचेचा तापमापक (मासे कधीच गेले, तापमापक राहिला). माठातल्या पाण्यात जरा गरम पाणी घालून बरोबर ३० वर आणलं. १०० ग्रॅम मोजलं. फ्रीजरमधला बर्फ शून्याच्या बराच खाली असतो, हे जुईलाच सुचलं, म्हणून तो ताटलीत काढून ठेवला. घाम फुटून पाणी सुटायला लागल्यावर फडक्याने टिपला आणि २० ग्रॅम होईल एवढा पेल्यात टाकला. चमच्याने ढवळत राहिलो. शेवटचा खडा दिसेनासा झाला तेव्हा पारा १३ च्या किंचित वर.

जुई नाचतेय. १३ हे १४ च्या जवळ की ११.६७ च्या? तुम्हीच सांगा मास्तर.

चौथा_बाक (रात्री ८.४६)

१३ म्हणजे दोघांचं चुकलं.

तिरकस (रात्री ८.५२)

मावशी, आता बोर्डाला कळवा. उत्तरपत्रिकेला पेला जोडून पाठवा.

बंदरावरून (रात्री ९.३५)

हा धागा दिवसभर वाचतोय, आता राहवत नाही. मी मालवणचा. आमच्या घरात दोन पिढ्या मासळीचा धंदा. विज्ञानात मी कसाबसा पास, पण बर्फाचं मला विचारा.

लहानपणी बाबांबरोबर जेटीवर जायचो. बर्फाच्या लाद्या टेम्पोतून उतरायच्या, हातोड्याने फोडून माशाच्या पेटीत थर द्यायचे, खाली बर्फ, वर मासा, परत बर्फ. पेटीच्या भोकातून पाणी सारखं गळत असायचं. मी एकदा ओरडलो, बाबा, बर्फ सगळो पाणी होऊन जाता! तर बाबा म्हणाले, "कित्याक बोंबलतंस? बर्फ इरगळता म्हणानच मासो टिकता."

तेव्हा वाटलं, म्हातारा काहीतरी बोलतोय. आज मास्तरांचं वाचलं आणि खाडकन डोक्यात गेलं. बर्फ थंड असतो म्हणून मासा थंड होत नाही, बर्फ वितळतो म्हणून होतो. जो बर्फ वितळला नाही त्याने काहीच काम केलं नाही, तो नुसता बसून राहिला. आणि पेटीत एक तुकडा जरी शिल्लक असेल तरी आजूबाजूचं पाणी शून्याच्या आसपासच राहतं. शेवटचा तुकडा गेला की मग मासा तासा-तासाला उतरायला लागतो. आमच्याकडे पेटी उघडली की पहिल्यांदा हात तळाशी घालून बघतात, खडा लागतो की नाही. नाही लागला तर भाव पडला.

मी आत्ता कागदावर करून पाहिलं. किलोभर मासा ३० अंशावरून शून्याला आणायचा, माशाला पाण्याइतकीच उष्णता लागते असं धरलं (खरं तर थोडी कमी लागते), तर ३०,००० कॅलरी. भागिले ८०. ३७५ ग्रॅम बर्फ पुरायला हवा. आम्ही टाकतो किलोला किलो. उरलेला बर्फ कुठे जातो? मे महिन्यातलं ऊन, टेम्पोचा पत्रा, पेटीच्या भिंती, सतरा वेळा उघडणारं झाकण, सगळे त्यातलं खातात.

म्हणूनच विचारतो, मावशी, तुमच्या पेल्याचं काय? त्याने नाही काही दिलं?

निवृत्त_मास्तर (रात्री ९.५०)

बंदरावरून, नमस्कार घ्या. मी टंकत होतो ते तुम्ही आधीच लिहिलंत.

रानजाई, पेल्याचं वजन किती?

रानजाई (रात्री ९.५८)

१०० ला एखाद ग्रॅम कमी. चांगला जाड आहे, आईच्या रुखवतातला.

निवृत्त_मास्तर (रात्री १०.२०)

बघा, आता गंमत आहे.

पेला पाण्याबरोबर ३० अंशावर होता. पाणी गार झालं तसा तोही गार झाला, म्हणजे त्यानेही आपली उष्णता बर्फाला दिली. स्टीलची विशिष्ट उष्माधारकता, म्हणजे एक ग्रॅम एक अंशाने तापायला लागणारी उष्णता, पाण्याची १ धरली तर साधारण ०.१२. १०० ग्रॅमचा पेला म्हणजे १२ ग्रॅम पाण्याइतका. आता चौथ्या बाकाचं समीकरण घ्या आणि १०० च्या जागी ११२ घाला :

११२ × (३० − त) = १६०० + २० त
३३६० − १६०० = १३२ त
१७६० भागिले १३२ = १३.३३

तुमचा पारा कुठे होता? १३ च्या किंचित वर. रुखवताच्या पेल्याने इमान राखलं.

पेपरात कंसात जे कंटाळवाणं वाक्य असतं ना, 'देवाणघेवाण फक्त पाणी व बर्फ यांच्यात', ते पेल्याला गणिताबाहेर काढायला असतं. प्रयोगशाळेत त्यासाठीच कॅलरीमापीचं, म्हणजे प्रयोगाच्या भांड्याचं, वजन आधी करायला लावतात. पोरं ते लिहून घेतात आणि विसरतात.

आता जुई. तू अजून माझ्या प्रश्नाचं उत्तर दिलेलं नाहीस. ते २० ग्रॅम पाणी कुठे गेलं?

रानजाई (रात्री १०.२९)

(जुई)

सर, मावशी म्हणतेय झोप. पण मला कळलं बहुतेक.

पाणी ३० वरून १४ वर आलं की त्याने १६०० कॅलरी दिलेल्या असतात. म्हणजे बर्फ पूर्ण वितळला. पण त्या वेळेला पेल्यात १०० ग्रॅम पाणी १४ चं आहे आणि २० ग्रॅम पाणी अजून शून्याचंच आहे. मी १४ लिहून थांबले. ते दोन मिसळायचेच राहिले. १४०० कॅलरी १२० ग्रॅममध्ये वाटायच्या, मी १०० मध्येच वाटल्या.

११.६७.

मैत्रिणीला मेसेज केलाय. तिने फक्त अंगठा पाठवला.

निवृत्त_मास्तर (रात्री १०.३३)

शाब्बास. तुझं १४ म्हणजे अर्ध्या वाटेवरचं स्टेशन. गाडी बरोबर, उतरलीस लवकर.

आटपाट (रात्री ११.०२)

इथे सकाळ आहे. चहा गार झाला वाचता वाचता, आणि त्याची उष्णता कुठे गेली यावर मी आता पाच मिनिटं विचार करतोय. बायको विचारतेय काय झालं.

चिंगीची_आई (बुधवार, सकाळी ७.१५)

चिंगी रात्री उठली, दोन पोळ्या खाल्ल्या आणि मास्तरांचं सगळं वाचून काढलं. तिचा एक प्रश्न आहे, पेपरातलाच. 'अवकाश स्थानकातील वस्तू वजनरहित का भासतात?' शास्त्रीय कारण, २ गुण. हिने लिहिलं, तिथे गुरुत्वाकर्षण नसतं म्हणून. मीही तेच लिहिलं असतं. २०२५ च्या जूनमध्ये शुभांशु शुक्ला गेले होते तेव्हा टीव्हीवर सगळे तरंगताना पाहिले होते आम्ही.

चौथा_बाक (सकाळी ७.४०)

गुरुत्वाकर्षण असतंच काकू. आमच्या सरांनी करून दाखवलं होतं. स्थानक जमिनीपासून साधारण ४०० किमीवर. पृथ्वीची त्रिज्याच ६४०० च्या जवळपास. म्हणजे केंद्रापासून ६४०० च्या जागी ६८००, फार फरक नाही. जी ची किंमत तिथे ८.७ च्या आसपास येते. इथल्यापेक्षा फक्त दहा-बारा टक्के कमी.

तरंगतात कारण स्थानक आणि आतली माणसं सगळी एकत्र मुक्तपणे पडतायत. पृथ्वीकडे पडतात पण आडवा वेग इतका की पृथ्वी चुकते. दोघं सारखेच पडतात म्हणून एकमेकांना टेकत नाहीत, आणि टेकलं नाही की वजन जाणवत नाही.

चिंगीची_आई (सकाळी ७.५२)

लिफ्टची दोरी तुटली तर, तसं?

चौथा_बाक (सकाळी ७.५४)

हो, अगदी तसंच. फक्त लिफ्ट खाली आपटते.

तिरकस (सकाळी ८.१०)

काय सकाळी सकाळी. मी सातव्या मजल्यावर राहतो. आज जिन्याने.

सोहम_१०ब (सकाळी ८.३०)

गीझरचं फायनल काय? ३३६, ३४८, ३६०? माझं ३६० आहे. क्लासचे सर म्हणाले गाईडमध्ये नेहमी ३० धरतात.

निवृत्त_मास्तर (सकाळी ९.०५)

३० दिवसांचा फेब्रुवारी कोणत्याही पंचांगात नाही, सोहम. २८ योग्य. लीप वर्ष धरणाऱ्या मुलीने 'लीप वर्ष मानून' असं लिहिलं असेल तर मी तरी तिला पूर्ण गुण दिले असते. काही मानून चालायचं असेल तर ते लिहायचं, एवढी ओळ पुरते. पेपर काढणाऱ्यानेही वर्ष टाकायला हवं होतं. फेब्रुवारी निवडला म्हणजे दिवस मोजतात का हे बघायचं असावं, पण मग लीपचा विचारही त्यानेच करायचा. मीही असे पेपर काढलेत, आणि शाळेत दुसऱ्या दिवशी पोरांनी स्टाफरूमच्या दारात गाठलंय.

बंदरावरून (सकाळी ११.४०)

मावशी, तो प्रयोग थर्माकोलच्या कपात करून बघा ना. आमच्या लांबच्या मालाला आम्ही थर्माकोलचे खोकेच वापरतो, ते स्वतः काही देत नाहीत आणि बाहेरचं आत येऊ देत नाहीत.

रानजाई (रात्री ८.१५)

मावशी. केला. वाढदिवसाचे उरलेले कप होते. बाकी सगळं कालच्यासारखंच, फक्त या वेळी जुईने ढवळलं आणि मी तापमापक धरला, कारण काल तिने पारा आपल्या बाजूने वाचला असा मला संशय आहे.

१२. जेमतेम १२.

आता तिला उरलेला पाव अंश कुठून आला ते शोधायचंय. मी म्हटलं, चमचा. ती म्हणते, बर्फ टिपला तरी त्याला पाणी चिकटलेलंच असतं, म्हणजे २० ग्रॅममध्ये बर्फ थोडा कमीच होता. मास्तर, दोन्ही?

निवृत्त_मास्तर (रात्री ८.४०)

दोन्ही. आणि तुमच्या स्वयंपाकघरातली हवा. जुईचं कारण जास्त वजनदार आहे. एक ग्रॅम जरी बर्फाऐवजी पाणी असलं तरी ८० कॅलरी कमी गिळल्या जातात, म्हणजे पाऊण अंशाच्या थोडासाच खाली फरक पडतो. तुमचा पाव-एक अंश जास्त आला, तर बर्फाला चिकटलेलं पाणी अर्ध्या ग्रॅमच्या आसपास. छान टिपला होता की.

रानजाई (पुढच्या सोमवारी, दुपारी ४.३०)

जुई. पेपर मिळाले. ४० पैकी ३४.

बर्फाला ३ पैकी २. तत्त्व आणि किंमतींचे मिळाले, उत्तराचा एक गेला. मैत्रिणीला अडीच! तिने ११.६७ च्या पुढे एककच लिहिलं नाही. आता ती माझ्याशी बोलते.

गीझरला शाळेने ३३६ आणि ३४८ दोन्ही बरोबर धरले. ३६० ला सूत्राचे गुण दिले.

सोहम_१०ब (दुपारी ४.५२)

मला बर्फाला १. चेंडूला भोपळा. पण गीझरला सूत्राचे मिळाले, क्लासच्या सरांना सांगतो.

चिंगीची_आई (सायंकाळी ५.१०)

चिंगीला बर्फाला १ आणि अवकाशाला शून्य. काही बोलली नाही. तिने बाबांना ऑफिसमधून येताना थर्माकोलचा कप आणायला सांगितलाय.

बंदरावरून (सायंकाळी ६.००)

मास्तर, पत्ता व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा. सुरमई पाठवतो, थर्माकोलच्या खोक्यात. पोचल्यावर तळाशी हात घालून बघा, खडा लागला तर मला कळवा.

चौथा_बाक (सायंकाळी ६.२०)

भाग २ चा धागा कोणी काढलाय का? अन्नसाखळीच्या प्रश्नात मी बेडकाच्या आधी साप लिहिलाय.